आधी खोली द्या, मग चित्राचे बोला

मुंबईत चित्रकार कमी नाहीत. रंगांची दुकाने कमी नाहीत. गॅलऱ्या तर वाढल्याच आहेत, आणि लिलावातल्या चित्रांचे आकडे अधूनमधून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतात. कमी आहे ती जागा. जिथे पाच फुटांचा कॅनव्हास भिंतीला उभा राहील, ओला रंग चार दिवस वाळत ठेवता येईल आणि टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून शेजारी दार वाजवणार नाही, अशी एक खोली. या शहरातल्या कलेचा सगळा प्रश्न या एका खोलीपाशी येऊन थांबतो, असे आमचे म्हणणे आहे. बाकीच्या चर्चा नंतरच्या.

ही खोली देण्याची एक रीत गेल्या काही वर्षांत आपल्याकडे रुळली आहे. तिला रेसिडेन्सी म्हणतात. एखादी संस्था चित्रकाराला काही आठवडे किंवा काही महिने काम करायला जागा देते, कधी राहायला देते, कधी खर्चाला थोडे पैसे देते. शेवटी एक दिवस दारे उघडून लोकांना काम दाखवले जाते. कल्पना उत्तम आहे. आमचा राग कल्पनेवर नाही. ती खोली कोणाला मिळते आणि कोणाला कधीच मिळणार नाही, यावर आहे. आणि या रागातला निम्मा वाटा आम्ही आमच्या समाजासाठी राखून ठेवला आहे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आमच्या माहितीतला भिवंडीचा एक मुलगा. वडील यंत्रमागावर. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे. रात्रपाळीची माणसे दिवसा झोपणार, दिवसपाळीची रात्री. हा मुलगा कला महाविद्यालयातून पहिल्या वर्गात पास झाला. शिकत होता तोवर वर्गाची भिंत त्याची होती. निकाल लागला आणि भिंत गेली. त्यानंतर त्याची चित्रे लहान होत गेली. आधी चार फूट, मग दोन फूट, मग वहीचे पान. त्याच्या शिक्षकांना वाटले, पोराची कल्पनाशक्ती आटली. कल्पनाशक्ती नव्हती आटली, हातपाय पसरायला जागा नव्हती. आज तो फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर पुढाऱ्यांचे चेहरे कापतो. ईद, दिवाळी आणि वाढदिवस हे त्याचे तीन हंगाम. त्याने मध्यंतरी भाड्याने खोली शोधून पाहिली. काही ठिकाणी त्याचे नाव ऐकून नकार आला. जिथे नावाची अडचण नव्हती, तिथे रंगांची होती.

हा मुलगा अपवाद आहे असे कोणी म्हणू नये. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, मुंब्रा, कुर्ला, जिथे जाल तिथे असा एकेक सापडतो. आणि तो फक्त आमच्यातच सापडतो असेही नाही. कामाठीपुऱ्यातला, चेंबूरच्या वस्तीतला, धारावीतला मुलगा त्याच खोलीच्या शोधात आहे.

आता गंमत अशी की, परक्याला खोली देणे ही मुंबईला परकी गोष्ट कधीच नव्हती. किंबहुना हे शहर उभेच राहिले त्या खोल्यांवर. लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोल्या होत्या. गिरणीत लागलेला कोकणातला, घाटावरचा माणूस वळकटी घेऊन तिथे उतरायचा. एका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी धोबीतलाव, माझगावकडे आपापले कूड घेतले होते. बोटीवर जाणारा खलाशी, स्वयंपाकी, वाजवणारा, सगळ्यांची ट्रंक तिथे असायची. जहाजावर चढणाऱ्या आमच्या कोकणी वडीलधाऱ्यांसाठीही गावच्या जमातीच्या खोल्या असत. नोकरी लागेपर्यंत राहा, लागली की वर्गणी दे, पुढच्या पोराला जागा कर. अर्ज नव्हता, मुलाखत नव्हती. गावचा आहेस ना, बस झाले. रेसिडेन्सी म्हणतात ती याहून फार वेगळी गोष्ट नाही. फक्त गिरणीऐवजी कॅनव्हास आहे.

चित्रकारांसाठीही हे शहर एके काळी असेच वागले आहे. १९५० च्या दशकात वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट चालत होती. नाममात्र भाड्यात चित्रकारांना काम करायला जागा मिळे. गायतोंडे तिथे रंगवत, हुसेन तिथे येत, अल्काझींचे नाटक तिथेच उभे राहिले, रविशंकरांची किन्नर ही संगीतशाळाही तिथलीच. एका आवारात नट, वादक, चित्रकार सगळे. कोणी कोणाला शिकवत नव्हते आणि सगळेच शिकत होते.

त्याच आवारात नसरीन मोहम्मदी काम करत होती. १९३७ साली कराचीत जन्मलेली, मुंबईत वाढलेली, लंडनला शिकून आलेली ही मुसलमान मुलगी. पुढे ती बडोद्याला शिकवायला गेली आणि १९९० साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या किहीमला तिचे निधन झाले. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत एक नसरीनचे होते. पेन्सिलीने, शाईने ओढलेल्या बारीक सरळ रेषा पाहायला जगातली माणसे रांगेत उभी राहिली. आमच्या समाजात तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे विचारून आम्ही कोणाला लाजवत नाही. आम्हाला दुसरेच सांगायचे आहे. नसरीन सुखवस्तू घरातली होती. तिच्या घरी भिंती होत्या. तिलाही घराबाहेरची एक खोली लागली. मग दहा बाय बाराच्या खोलीतल्या मुलीला ती लागणार नाही का?

अकबर पदमसी यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६९ साली त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांत त्यांनी स्वतःपुरते पाहिले असते तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी नेपियन सी रोडच्या एका फ्लॅटमध्ये व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उघडले. कॅमेरे, छपाईची साधने ठेवली, आणि चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यांना बोलावले. नलिनी मलानी तेव्हा अगदी तरुण होत्या. त्यांचे सुरुवातीचे चित्रपट-प्रयोग त्या फ्लॅटमध्ये झाले. ते वर्कशॉप तीनेक वर्षेच चालले, पण त्याचा परिणाम पन्नास वर्षे टिकला. एका माणसाने आपल्या शिष्यवृत्तीतून दुसऱ्यांसाठी दार उघडे ठेवले, एवढीच ती गोष्ट.

गरिबासाठीही एक दार होते. सिनेमाच्या पाटी-पोस्टरांच्या कार्यशाळा. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे त्यांना काय मिळाले, हे कोणी सांगत नाही. मजुरी मिळाली, रंग मालकाचा मिळाला आणि वीस फुटांचा कॅनव्हास मिळाला. कोणत्याही रेसिडेन्सीत आज याहून जास्त काय मिळते? फ्लेक्स आला आणि पाटी रंगवणाऱ्यांचे हात रिकामे झाले. त्या हातांबरोबर गरीब पोरांची ती फुकटची शाळाही गेली, याची नोंद कलेच्या इतिहासाने अजून घेतलेली नाही.

भुलाभाईंचा बंगलाही गेला. त्या जागी आकाशगंगा नावाची उंच इमारत आहे. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. १९९१ च्या नियमांत त्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागेसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी होता. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. त्या जमिनीवर पहिला हक्क गिरणी कामगाराचा होता, यात आम्हाला शंका नाही. पण हजारो खिडक्यांच्या त्या लांबलचक शेडांपैकी एक शेड चित्रकारांसाठी ठेवा, असे म्हणायलासुद्धा कोणी उठले नाही. जगातल्या कितीतरी शहरांत जुन्या कारखान्यांत स्टुडिओ झाले. आपल्याकडे मॉल झाले.

आता आजच्या रेसिडेन्सींकडे येऊ. मुंबईत ज्या संस्थांनी, ज्या व्यक्तींनी पदरचे भाडे भरून चित्रकारांना जागा दिल्या, त्यांचे ऋण आम्ही मानतो. सरकारने जे केले नाही ते त्यांनी केले. त्यांतल्या अनेकांना भाडे झेपले नाही, जागा सोडावी लागली, हेही आम्ही जाणतो. तरीही तीन गोष्टी स्पष्ट बोलल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट भाषेची. अर्ज इंग्रजीत. सोबत आपल्या कलेविषयीचे निवेदन इंग्रजीत, आणि तेही एका ठरावीक वळणाच्या इंग्रजीत. ज्याला ते वळण येते त्याचे चित्र वाचले जाते. ज्याला येत नाही त्याचे चित्र कोणी पाहतच नाही. मराठीत, उर्दूत, हिंदीत लिहिलेले निवेदन चालेल, असे एक वाक्य जाहिरातीत घालायला किती पैसे लागतात? निवडणाऱ्यांपैकी एकाला तरी त्या भाषा येत असतील ना? येत नसतील तर मुंबईत बसून निवड करण्याचा त्यांना अधिकार काय?

दुसरी गोष्ट पैशाची. खोली देतात, पण प्रवास, जेवण, सामान आपले आपण बघा, असे बऱ्याच ठिकाणी असते. काही ठिकाणी तर राहणाऱ्याकडूनच शुल्क घेतात. ज्याच्या पगारावर घर चालते त्या मुलाने दोन महिने काम सोडले तर घरी चूल कशी पेटायची? म्हणजे ज्याला खोलीची गरज सर्वांत कमी, तोच ती घेऊ शकतो. उपाशी माणसाला ताट द्यायचे आणि म्हणायचे, वाढायला तेवढे घरून आण.

तिसरी गोष्ट ओळखीची. आधी कुठे प्रदर्शन झाले, आधी कुठल्या रेसिडेन्सीत होता, शिफारस कोणाची, हे विचारले जाते. एकदा आत गेलेला पुन्हा पुन्हा आत जातो. बाहेरचा बाहेरच. तेच वीस-तीस चेहरे दिल्ली, मुंबई, लंडन, बर्लिन फिरत राहतात. याला दर्जा म्हणतात. दर्जाला आमचा विरोध नाही. पण दर्जा रेषेत बघा, बायोडेटात नको.

सरकारचे तर विचारूच नका. राज्य कला प्रदर्शन भरते, बक्षीस देतात, प्रशस्तिपत्र देतात, हार घालतात. बक्षीस घेऊन चित्रकार घरी जातो आणि चित्र ठेवायला जागा नाही म्हणून ते मोठ्या भावाच्या पलंगाखाली सरकवतो. दिल्लीत ललित कला अकादमीने १९७६ साली गढी गावात स्टुडिओ सुरू केले. मद्रासला पणिक्करांसोबतच्या चित्रकारांनी सरकारची वाटही पाहिली नाही. कापडावर बाटिक करून विकले, त्या पैशांतून शहराबाहेर समुद्रकाठची जमीन घेतली आणि १९६६ साली चोलमंडल वसवले. मुंबई ही देशाच्या चित्रकलेची राजधानी म्हणवते. राजधानीत राजांचे पुतळे भरपूर आहेत, कारागिराला ओसरी नाही.

इथवर आम्ही दुसऱ्यांना बोललो. आता स्वतःकडे.

१९९० साली सोलापुरात आपण मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरवले. लेखणीसाठी मांडव घातला. आम्हालाही बोलायचे आहे, आमच्या भाषेत, म्हणजे मराठीत बोलायचे आहे, असे ठणकावून सांगितले. ते योग्यच केले. पण त्या मांडवात कुंचल्याला आपण कोपरा तरी दिला का? आपल्या नियतकालिकांची मुखपृष्ठे कोण करतो, त्याला मानधन किती देतो, याचा हिशेब प्रत्येक संपादकाने मनातल्या मनात करून पाहावा. त्या हिशेबात आम्हीही आलो.

आपल्याकडे जागा नाहीत असे नाही. शहरात जमातखाने आहेत, लग्नाचे हॉल आहेत, अंजुमनच्या शाळा आहेत. मे महिन्यात त्या शाळांचे वर्ग कुलूपबंद असतात. गावच्या जमातीच्या खोल्यांपैकी काही अजून आहेत. काहींत फक्त मोडके कपाट आणि देगा पडल्या आहेत. मुंबईच्या हज हाऊसमध्ये प्रशासकीय सेवेच्या परीक्षेसाठी मुलांना ठेवून घेण्याची सोय झाली, तेव्हा सगळ्यांनी तिचे कौतुक केले. आम्हीही केले. परीक्षेला बसणाऱ्याला खोली देणारा समाज रंगवणाऱ्याला का देत नाही?

याचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. कुजबुजत सांगितले जाते की, तस्वीर काढणे जाएज नाही. या मसल्यावर उलेमांत मतभेद आहेत आणि फतवा देण्याचा अधिकार आमचा नाही. पण समाज म्हणून आपण जे जगतो ते तर आपल्याला दिसते ना? लग्नाला व्हिडिओवाला लागतो. चौकातल्या फ्लेक्सवर आपल्याच नेत्याचा सहा फुटी चेहरा चालतो. खिशातल्या मोबाइलमध्ये नातवंडांचे हजार फोटो असतात. हे सगळे चालते आणि गरिबाच्या पोराने कुंचला उचलला की तेवढ्यापुरती शरीयत आठवते. हा दीनदारीचा प्रश्न नाही, सोयीचा आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत १५६५ च्या सुमारास हुसेन निजामशाहच्या स्तुतीचे फार्सी काव्य चित्रांसह तयार झाले. तारीफ-ए-हुसेनशाही नावाचे ते हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. ती चित्रे काढणाऱ्याला सुलतानाने जागा, रंग, कागद आणि पोटाला दिले होते. तेव्हा ही परंपरा आपल्याला बाहेरून आणायची नाही, ती आपल्याच मातीत पुरली गेली आहे.

दुसरा आक्षेप भाकरीचा. आधी शिक्षण, नोकरी, मग चित्रे, असे समंजस माणसे म्हणतात. भाकरी आधी, हे आम्हालाही मान्य. पण एका जमातीत किती चित्रकार निघतात? एक, फार तर दोन. एका खोलीचे वर्षाचे वीजबिल एका लग्नाच्या दावतीत उरलेल्या बिर्याणीहून जास्त येणार नाही.

आणि मुलींचे काय? नसरीनसारखी एखादी कदाचित आज महाडला किंवा औसा-उदगीरला बसून वहीत रेषा ओढत असेल. तिला अनोळखी शहरात, अनोळखी लोकांच्या जागेत दोन महिने राहायला कोणते आईबाप पाठवतील? तेच आईबाप मुलीला अंजुमनच्या वसतिगृहात बी.एड. करायला बिनदिक्कत ठेवतात. म्हणजे अडचण चित्राची कमी आणि भरवशाची जास्त आहे. भरवसा ही एकच गोष्ट अशी आहे, जी मोठ्या संस्था विकत घेऊ शकत नाहीत आणि जी आपल्याजवळ आहे.

कोणी म्हणेल, हे वेगळी चूल मांडणे झाले. त्यांना आम्ही न्यूयॉर्कच्या हार्लेमकडे पाहायला सांगू. काळ्या लोकांच्या त्या वस्तीत १९६८ साली भाड्याच्या एका माळ्यावर एक संग्रहालय उघडले. नावच ठेवले स्टुडिओ म्युझियम. आधी स्टुडिओ, मग म्युझियम. आफ्रिकी वंशाच्या चित्रकारांना तिथे वर्षभरासाठी कामाची जागा आणि खर्चाला पैसे देण्याची प्रथा पडली. वर्षाला बहुधा तिघेच. डेव्हिड हॅमन्स, केरी जेम्स मार्शल, केहिंदे वायली ही आज जगभर घेतली जाणारी नावे त्या खोल्यांतून गेली आहेत. बड्या संग्रहालयांची दारे बंद होती म्हणून त्यांनी नुसता निषेध केला नाही, आपले दार उघडले. मग बड्यांनाही उघडावे लागले. आमच्या दलित मित्रांनी १९७२ साली त्याच काळ्या लोकांच्या चळवळीकडून पँथर हे नाव घेतले आणि मराठी साहित्याची भाषा बदलून टाकली. आपण त्यांच्याकडून निदान एक खोली घ्यायला काय हरकत आहे?

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. रेसिडेन्सी चालवणाऱ्यांनी अर्ज मराठी, उर्दू, हिंदीत घ्यावेत, शुल्क बंद करावे, आणि दर खेपेला एक जागा अशा चित्रकारासाठी राखावी, ज्याचे कुठेही प्रदर्शन झालेले नाही आणि ज्याचे घर त्याच्या मजुरीवर चालते. त्याला तेवढ्या दिवसांची मजुरी द्यावी. सरकारने बक्षिसांबरोबर वर्षभराची जागा द्यावी. मुंबईत ओस पडलेल्या सरकारी इमारती मोजायला गेले तर बोटे पुरणार नाहीत. आणि आपल्या जमातींनी, अंजुमननी एक खोली द्यावी. निवड बाहेरच्या जाणत्या चित्रकारांनी करावी, ट्रस्टींच्या भाच्यांची होऊ नये. त्या खोलीत आमचाच मुलगा बसला पाहिजे असा आमचा हट्ट नाही. धारावीतला कोणी दत्तू किंवा जोसेफ बसला तरी खोली आमचीच राहील, आणि आमचीच शोभा वाढेल.

फार मोठी वास्तू नको. उद्घाटनाचा नारळ, दगडी पाटी, आमदारांचा हार, काही नको. चारही भिंती पांढऱ्या, एक खिडकी उत्तरेला, एक नळ, आणि रात्री दहानंतर बंद न होणारा दिवा. ज्यांच्या जमातीची खोली आज कुलपात आहे, त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. देगा बाजूला सारल्या तर किती जागा निघते, तेवढे मोजून आम्हाला कळवावे. भिवंडीचा मुलगा अजून फ्लेक्सच्याच दुकानात आहे. त्याला निरोप द्यायचे काम आम्ही करू.